एका कुटुंबाचा छायाचित्रसंग्रह: डिजिकॅममध्ये मांडणी, डार्कटेबलमध्ये संस्करण

चतुर्थी आटोपली की गोव्यातल्या बहुतेक मोठ्या कुटुंबांपुढे एकच अडचण उभी राहते. मूळ घरी जमलेल्या प्रत्येकाने आपापल्या फोनवर छायाचित्रे काढलेली असतात, एखाद्याकडे चांगला कॅमेरा असतो, काही छायाचित्रे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरतात आणि बाकीची मुंबईला किंवा आखातात परतणाऱ्यांच्या फोनबरोबर निघून जातात. पुढल्या वर्षी माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, काय काय बांधले होते हे पाहायची वेळ आली की नेमके तेच छायाचित्र हाती लागत नाही. हे मार्गदर्शन अशा घरातल्या त्या एका माणसासाठी आहे, ज्याने संग्रह सांभाळण्याची जबाबदारी घेतलेली आहे किंवा घ्यायची ठरवली आहे.

यासाठी डिजिकॅम आणि डार्कटेबल ही दोन सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. दोन्ही मुक्त स्रोताची आणि विनामूल्य असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतात. डिजिकॅम छायाचित्रांची मांडणी, नोंद आणि शोध यांसाठी घडवलेले आहे. डार्कटेबल हे रॉ फाइलींचे, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ छायाचित्रांचे, संस्करण (उजेड-रंगांची दुरुस्ती) करण्यासाठी. मात्र डिजिकॅममध्येही संपादनाची साधने आहेत आणि डार्कटेबलमध्येही टॅग (शोधासाठीचे शब्द) व तारे (पसंतीची खूण) देता येतात. गोंधळाची सुरुवात याच सामाईक भागातून होते. म्हणून पहिल्याच दिवशी कामाची वाटणी पक्की करावी: फोल्डर, फाइलीचे नाव, तारीख, टॅग, तारे आणि खोडणे हे सर्व फक्त डिजिकॅममध्ये, उजेड, रंग, कातरणी आणि अंतिम प्रत काढणे हे सर्व फक्त डार्कटेबलमध्ये. ही वाटणी पाळली तर पुढच्या निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत.

दोघांचा दुवा कोणता

दोन्ही सॉफ्टवेअर आपापला डेटाबेस ठेवतात आणि एकाला दुसऱ्याचा डेटाबेस वाचता येत नाही. त्यांच्यातला दुवा म्हणजे साइडकार ही छायाचित्राबद्दलच्या नोंदी ठेवणारी, एक्सएमपी स्वरूपातली एक लहानशी फाइल. ती छायाचित्राच्या शेजारी त्याच फोल्डरमध्ये राहते आणि तिचे नाव म्हणजे मूळ फाइलीचे पूर्ण नाव व त्यापुढे एक्सएमपी हा प्रत्यय. डिजिकॅम आणि डार्कटेबल दोघेही नावाची हीच पद्धत वापरत असल्यामुळे एकाने लिहिलेले टॅग आणि तारे दुसऱ्याला वाचता येतात. डिजिकॅममध्ये साइडकारचे नाव व्यावसायिक सॉफ्टवेअरशी जुळवून घेण्याचा एक पर्याय आहे. त्याला हात लावू नये, कारण तो निवडल्यास मूळ फाइलीचा प्रत्यय नावातून गळतो आणि डार्कटेबलशी असलेली जुळणी तुटते.

डिजिकॅमच्या सेटिंगमध्ये मेटाडेटा (छायाचित्राबद्दलची माहिती) या पानावर जाऊन टॅग, शीर्षक, तारे आणि तारीख फाइलीत लिहिण्याचे पर्याय चालू करावेत. ते बंद राहिले तर आपली सगळी मेहनत केवळ डिजिकॅमच्या डेटाबेसमध्ये साठते, आणि संगणक बदलताना डेटाबेस मागे राहिला की तिचा मागमूसही उरत नाही. त्यानंतर साइडकारच्या भागात वाचणे आणि लिहिणे दोन्ही चालू करून ‘फाइल आणि साइडकार दोन्हींत लिहावे’ हा पर्याय निवडावा. फोनच्या जेपेग फाइलींना साइडकारची काय गरज, असा प्रश्न पडेल. परंतु डार्कटेबल संस्करणानंतर जेपेगसाठीही साइडकार तयार करते, आणि डिजिकॅमने नवी माहिती केवळ फाइलीच्या पोटात लिहिली तर पोटातली नोंद एक सांगते व शेजारची दुसरेच, अशी स्थिती होते. रॉ फाइलीच्या आत लिहिण्याचा पर्याय मात्र बंदच ठेवावा. रॉ ही मूळ प्रत आहे आणि मूळ प्रतीत कोणत्याही सॉफ्टवेअरला अक्षरही लिहू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

डार्कटेबलच्या सेटिंगमध्ये साठवणुकीच्या भागात साइडकार ‘संस्करणानंतर’ लिहिली जाईल असे ठेवावे आणि सुरू होताना बदललेल्या एक्सएमपी फाइली शोधण्याचा पर्याय चालू करावा. म्हणजे डिजिकॅममध्ये नंतर एखादा टॅग वाढवला असेल तर डार्कटेबल उघडताना त्या फाइलींची यादी दाखवते आणि कोणती नोंद ग्राह्य धरायची ते विचारते. टॅग आणि तारे डिजिकॅमचेच, हे ठरलेले असल्यामुळे उत्तर बहुधा फाइलीतली नोंद घ्यावी हेच असते. दोन्ही सॉफ्टवेअर एकाच वेळी उघडी ठेवून एकाच फोल्डरवर काम करण्याचे टाळावे.

छायाचित्रे गोळा करताना

व्हॉट्सॲपवरून आलेले छायाचित्र आकाराने लहान झालेले असते आणि ते कधी, कोणत्या कॅमेऱ्याने काढले ही एक्झिफमधली, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलीत लिहिलेली, माहितीही त्यातून गेलेली असते. म्हणून नातेवाइकांना छायाचित्रे ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे, किंवा ते घरी असतानाच केबल लावून उतरवून घ्यावीत. चतुर्थीच्या दीड किंवा पाच दिवसांत, सगळे एका छपराखाली असताना, हे काम सहज होते. महिन्याभराने फोन करून मागणे कठीण जाते.

डिजिकॅममधला अल्बम म्हणजे डिस्कवरचा खराखुरा फोल्डरच असतो, त्यामुळे फोल्डरची रचना सोपी ठेवावी. वर्षाचा एक फोल्डर आणि त्यात प्रसंगाचा एक फोल्डर एवढे पुरे. प्रसंगाच्या फोल्डरचे नाव तारखेने सुरू करावे, उदाहरणार्थ २०२४-०९-०७ आणि पुढे चतुर्थी. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिली की यादी आपोआप काळानुसार लागते. व्यक्तींच्या नावांचे, फळाफुलांचे किंवा ‘सर्वोत्तम’ असे फोल्डर करू नयेत. ते काम टॅगचे आणि ताऱ्यांचे आहे. एक छायाचित्र एकाच फोल्डरमध्ये राहू शकते, टॅग मात्र त्याला हवे तितके लावता येतात.

यानंतर घड्याळे जुळवावी लागतात. फोन नेटवर्कवरून वेळ घेतात, पण कॅमेऱ्याचे घड्याळ हाताने लावलेले असते आणि ते हटकून मागेपुढे असते. परिणामी आरतीची छायाचित्रे कॅमेऱ्यात सकाळची आणि फोनमध्ये दुपारची दिसतात. यावर सोपा उपाय असा की, प्रसंग सुरू होण्यापूर्वी कॅमेऱ्याने फोनच्या घड्याळाचे एक छायाचित्र काढून ठेवावे. त्या छायाचित्रात दिसणारी वेळ आणि फाइलीत नोंदलेली वेळ यांतला फरक काढायचा, त्या कॅमेऱ्याची सर्व छायाचित्रे निवडायची आणि डिजिकॅममधल्या तारीख-वेळ जुळवण्याच्या साधनाने तेवढा फरक एकदम मिटवायचा. मग सर्व फाइलींना तारीख आणि वेळ यांवरून नवे नाव द्यावे. फाइलीचे नाव रोमन अक्षरांत आणि अंकांत ठेवलेले बरे, कारण छपाईच्या दुकानातला संगणक किंवा जुना टीव्ही देवनागरी नाव नीट दाखवीलच असे नाही.

नाव बदलण्याचे आणि फोल्डर हलवण्याचे काम डार्कटेबल उघडण्यापूर्वीच संपले पाहिजे. डार्कटेबलच्या डेटाबेसमध्ये फाइलीचा जुना पत्ता नोंदलेला असतो आणि फाइल बाहेरून हलली की त्याला ती सापडत नाही. अख्खा फोल्डर हलवला असेल तर डार्कटेबलच्या संग्रहाच्या यादीत त्या फोल्डरवर उजवी क्लिक करून नवी जागा दाखवता येते, पण सुट्या फाइलींची नावे बदलली असतील तर ती सोयही उपयोगी पडत नाही.

जुन्या कागदी छायाचित्रांच्या स्कॅन केलेल्या प्रतींना स्कॅन केल्या दिवसाची तारीख चिकटलेली असते. ती बदलून अंदाजे वर्ष घालावे आणि अंदाज असल्याचे शीर्षकात लिहावे. १९६१ च्या आधीचे, म्हणजे गोवामुक्तीपूर्वीचे, एखादे छायाचित्र हाती असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून त्यातली माणसे आजच ओळखून घ्यावीत.

टॅग: कमी, ठरलेले आणि देवनागरीत

टॅग देवनागरीत लावता येतात आणि लावावेत. आजीला किंवा काकांना शोधायचे झाले तरी त्यांना माटोळीतल्या त्या फळासाठी ‘तोरिंजन’ हाच शब्द सुचणार आहे. फक्त टॅग आखूड ठेवावेत. छायाचित्रात माहिती नोंदवण्याच्या आयपीटीसी या जुन्या पद्धतीत एका टॅगसाठी ६४ बाइटची मर्यादा आहे, आणि युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह, म्हणजे काना, मात्रा आणि हलन्तसुद्धा, प्रत्येकी ३ बाइट घेते. म्हणजे सुमारे २१ चिन्हांत टॅग संपला पाहिजे. एक्सएमपीमध्ये ही मर्यादा नाही, पण एकाच टॅगची दोन ठिकाणी दोन रूपे होऊ नयेत म्हणून ती पाळलेली बरी. ‘श्रीगणेशचतुर्थी उत्सव’ ऐवजी ‘चतुर्थी’ पुरते.

टॅगचे तीन-चार मुख्य गट करावेत: उत्सव, स्थळ, व्यक्ती, आणि आपल्या आवडीचा एखादा विषय. उत्सवाखाली चतुर्थी, शिगमो, दिवजोत्सव, चिखलकाला. स्थळाखाली तालुका आणि त्याखाली गाव, जसे फोंडा आणि त्याखाली माशेल. स्थळाच्या गटात जिल्हा घालू नये असे मी सुचवीन, कारण फोंडा तालुका २०१५ मध्ये उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला. ज्यांनी जिल्ह्यानुसार टॅग लावले होते त्यांची जुनी आणि नवी छायाचित्रे दोन जिल्ह्यांत विभागली गेली. गाव आणि तालुका हीच ओळख टिकाऊ आहे. हा गटांचा उतरता क्रम साइडकारमधून डार्कटेबललाही जसाच्या तसा दिसतो.

विषयाच्या गटात माटोळीला मी आग्रहाने वेगळी जागा देतो. सुपारीचे शिपटे, तोरिंजन, कवंडळ, चिबूड, आंबाडे, केळ्यांचा घड असे दरवर्षी जे जे बांधले गेले त्याचा टॅग त्या वर्षीच्या एकाच स्पष्ट छायाचित्राला लावून ठेवला की पाच-सात वर्षांत घराची एक वनस्पतिवही तयार होते. कोणते रानफळ कोणत्या वर्षी मिळाले नाही, हेही तिच्यातून कळते. हे काम तासाभराचे आहे आणि दुसऱ्या कुठल्याही वहीत ते इतक्या नेमकेपणाने होत नाही.

व्यक्तींसाठी डिजिकॅममध्ये चेहरे ओळखण्याची सोय आहे. ती आपल्याच संगणकावर चालते, छायाचित्रे बाहेर कुठे पाठवली जात नाहीत. सुरुवातीला प्रत्येकाचे काही चेहरे हाताने नाव देऊन दाखवावे लागतात, पुढे ते सुचवत जाते. सुचवलेले नाव तपासूनच मान्य करावे. बहिणी-बहिणींत आणि बाप-लेकांत गल्लत होते.

निवड करताना तारे थोडे वापरावेत. एक तारा म्हणजे ठेवायचे, तीन म्हणजे संस्करण करायचे, पाच म्हणजे छापायचे, एवढे पुरते. तारे डार्कटेबलला वाचता येतात. रंगांच्या खुणा मात्र दोन्ही सॉफ्टवेअर आपापल्या पद्धतीने नोंदवतात, म्हणून त्यांच्यावर विसंबू नये.

डार्कटेबलमध्ये एक छायाचित्र

डार्कटेबलमध्ये फोल्डर आणताना ‘कॉपी करून आणणे’ नव्हे, तर ‘आहे त्या जागेवरून संग्रहात घेणे’ हा पर्याय निवडावा. आणल्यावर तीन तारे आणि त्यावरची छायाचित्रे गाळून घ्यावीत आणि फक्त त्यांवरच काम करावे.

उदाहरण म्हणून गणपतीच्या खोलीतले एक रॉ छायाचित्र घेऊ. वर माटोळी, खाली मूर्ती, बाजूला पेटलेली समई, भिंतीवर ट्यूबलाइट आणि उजवीकडे पावसाळी उजेडाची खिडकी. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मूर्ती केशरी, भिंत हिरवट आणि माटोळी जवळपास काळी दिसते. एकाच चौकटीत तीन रंगांचे उजेड असल्यामुळे एकाच व्हाइट बॅलन्सने, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे यासाठीच्या रंगदुरुस्तीने, हे सुधारत नाही.

पहिले काम एक्स्पोजर. मूर्तीचा चेहरा योग्य उजळ दिसेपर्यंत ते वाढवावे. समईची ज्योत पांढरी फटक झाली तरी त्या क्षणी तिच्याकडे पाहू नये. ज्योतीची काळजी पुढचे मॉड्यूल (दुरुस्तीचे साधन) घेते: सिग्मॉइड किंवा फिल्मिक यांपैकी कोणतेही एक, दोन्ही एकत्र कधीही नाही. ते तीव्र उजेडाला हळुवार उतार देते. ज्योतीभोवती गुलाबी छटा आली तर हायलाइट रिकन्स्ट्रक्शनची दुसरी एखादी पद्धत निवडून पाहावी.

मग रंग. व्हाइट बॅलन्सचे मॉड्यूल ‘कॅमेरा रेफरन्स’ वरच ठेवून खरे काम कलर कॅलिब्रेशनमध्ये करावे. दोन्हीकडे हात घातला तर रंग दुहेरी बदलतो आणि डार्कटेबल तशी सूचनाही देते. कलर कॅलिब्रेशनचे पिपेट खिडकीजवळच्या पांढऱ्या वस्तूवर, म्हणजे एखाद्या पंच्यावर किंवा कागदावर, ठेवून सर्वसाधारण रंग लावून घ्यावा. त्यानंतर त्याच मॉड्यूलची दुसरी प्रत उघडून, मूर्ती आणि समई यांच्याभोवती मऊ कडेचे लंबगोल मास्क काढून, तेवढ्यापुरता केशरी रंग थोडा उतरवावा. पूर्ण उतरवू नये. समईचा उजेड सोनेरी असतो आणि तो सोनेरीच दिसला पाहिजे. तो पांढरा केला की सणाची ती संध्याकाळ छायाचित्रातून निघून जाते.

माटोळीचा काळोख उघडण्यासाठी टोन इक्वलायझर वापरावे. त्यात गडद भागांचा उजेड वाढवताना कडा शाबूत राहतात, त्यामुळे कवंडळाचा लाल आणि तोरिंजनाचा पिवळा वेगळे दिसू लागतात. अंधारात काढलेल्या छायाचित्रात आता बारीक कण दिसतील. त्यावर डीनॉइज प्रोफाइल्ड हे मॉड्यूल लावावे. ते कॅमेऱ्याचे मॉडेल आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) पाहून स्वतःच प्रमाण ठरवते. शेवटी लेन्सची दुरुस्ती, सरळ करणे आणि कातरणी. माटोळीची चौकट वर पूर्ण दिसली पाहिजे, म्हणून कातरताना वरची बाजू जपावी.

त्याच खोलीतल्या इतर छायाचित्रांना हेच संस्करण चिकटवता येते, फक्त मास्क आणि कातरणी वगळून. दिवजोत्सवाच्या रात्रीसाठी किंवा चिखलकाल्याच्या ढगाळ दुपारसाठी प्रत्येकी एक स्टाइल, म्हणजे संस्करणाचा साचा, जतन करून ठेवली तर पुढल्या वर्षी सुरुवात तिथूनच करता येते.

प्रत काढणे आणि परत डिजिकॅमकडे

डिजिकॅममध्ये ते रॉ छायाचित्र पुन्हा उघडले तर एकही बदल दिसणार नाही. नवशिक्याला वाटते की काम वाया गेले. तसे नसते, डार्कटेबलचे बदल साइडकारमध्ये सूचनांच्या रूपात असतात आणि त्या सूचना फक्त डार्कटेबललाच अमलात आणता येतात. म्हणून अंतिम जेपेग प्रत काढून ती त्याच प्रसंगाच्या फोल्डरमधल्या एका उपफोल्डरमध्ये ठेवावी. रंगपद्धती एसआरजीबी, गुणवत्ता ९५ च्या आसपास. व्हॉट्सॲपसाठी लांब बाजू २०४८ पिक्सेल पुरते. ८ गुणिले १२ इंच छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू धरले तर २४०० गुणिले ३६०० पिक्सेल लागतात. प्रत काढताना टॅग आणि तारीख बरोबर जातील असे ठेवावे, पण गटावर किंवा समाजमाध्यमांवर जाणाऱ्या प्रतीतून जीपीएसचे स्थान वगळावे. घराचा नेमका पत्ता प्रत्येक छायाचित्राबरोबर वाटण्याचे काही कारण नाही.

डिजिकॅमने नवी प्रत टिपली की ती शोधात येते आणि टॅग तिच्यात आधीच असतात. भिंतीवरचा डाग पुसणे किंवा फाटलेल्या जुन्या छायाचित्राची जोडणी करणे असे पिक्सेलपातळीवरचे काम असेल तर ही प्रत गिंप या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यावी. मूळ रॉ नव्हे.

नको असलेली छायाचित्रे डिजिकॅममधूनच खोडावीत. डार्कटेबलमध्ये ‘संग्रहातून काढणे’ आणि ‘डिस्कवरून खोडणे’ ही दोन बटणे शेजारीशेजारी असतात आणि घाईत चुकीचे दाबले जाऊ शकते.

पावसाळा, विजेची ये-जा आणि नवा संगणक

संग्रहाच्या तीन प्रती असाव्यात: संगणकावर एक, बाहेरच्या डिस्कवर एक, आणि तिसरी दुसऱ्या घरी. चतुर्थीला मूळ घरी जाताना तिसरी डिस्क बदलून आणता येते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की कपाटात ठेवलेल्या डिस्कच्या जोडणीवर गंज धरतो, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी आणि पावसाळ्यातही अधूनमधून लावून पाहावी. मोठी प्रत उतरवत असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते. त्यामुळे बॅटरी नसलेल्या डेस्कटॉप संगणकाला यूपीएस असल्याशिवाय हे काम गडगडाटाच्या दिवशी काढू नये. दोन्ही सॉफ्टवेअरचे डेटाबेस संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवरच ठेवावेत, नेटवर्कवरच्या डिस्कवर नाही.

संगणक बदलताना वरील सर्व व्यवस्थेची परीक्षा होते. छायाचित्रांचे फोल्डर साइडकारांसह नव्या डिस्कवर उतरवावेत, डिजिकॅमला तो फोल्डर दाखवावा आणि त्याला नोंदी वाचू द्याव्यात. टॅग, तारे आणि तारखा परत येतात. मग डार्कटेबलमध्ये तोच फोल्डर संग्रहात घ्यावा. प्रत्येक छायाचित्राचे संस्करण साइडकारमधून जसेच्या तसे उघडते. ही चाचणी नवा संगणक घेईपर्यंत थांबून न राहता एका छोट्या फोल्डरवर आजच करावी: त्याची प्रत दुसऱ्या एखाद्या संगणकावर न्यावी, दोन्ही सॉफ्टवेअर तिथे रिकाम्या डेटाबेससह उघडावीत आणि टॅग व संस्करण दोन्ही दिसतात का ते पाहावे. टॅग दिसले नाहीत तर डिजिकॅमच्या मेटाडेटाच्या पानावर लिहिण्याचा पर्याय बंद राहिलेला असतो. तो चालू करून त्या अल्बमच्या सर्व नोंदी फाइलींत लिहून घ्याव्यात. संस्करण दिसले नाही तर साइडकार मागे राहिलेल्या असतात आणि त्या मूळ फोल्डरमधून पुन्हा उतरवाव्या लागतात.